त्याच तोंडानं

सदाशिवरावनं माह्या पोरीचं लगन मोडलं, तेही दुकानाच्या बाकड्यावर बसून चहा पिता पिता. त्याले काही मेहनत पडली नाई. दोन वाक्य बोलला अन् बशीतला चहा संपवला. त्या दोन वाक्यासाठी मी त्याले कोर्टात ओढलं. पुढं जे केलं तेही सांगतो. ऐकून कोणी म्हणन, जयवंताबाई मोठी दुष्ट बाई आहे, तर म्हणू द्या.

आमचं गाव देवळीपासून जवळच. बस फाट्यावर थांबते, अन् फाट्याले लागूनच सदाशिवरावचं कृषी केंद्र. बियाणं, खत, फवारणीचं औषध, सगळं तिथीच. दुकानासमोर एक लांब बाकडं. आमच्याकडे सोयरीक पक्की कराच्या आधी पाहुणे पोरीच्या घरी न सांगता एक चक्कर मारतात. चुपचाप बसमधून उतरतात, पहिल्याच बाकड्यावर टेकतात, चहा सांगतात, अन् सहज इचारल्यासारखं इचारतात, "फलाण्याची पोरगी कशी आहे गा?" याले चौकशी म्हणतात. आमच्या गावात चौकशी म्हणजे सदाशिवरावचं बाकडं. किती पोरींचं नशीब त्या लाकडावर ठरलं असंन, देवाले ठाऊक.

माही आचल डी. फार्म झालेली. देवळीले मेडिकल दुकानात बसते, रोज सकाळच्या बसनं जाते. रोहणा गावचा एक पोरगा पाहून गेलता. त्याले हे पसंत, हिले तो पसंत. साक्षगंधाची तारीख काढाची तेवढी बाकी होती. नवा कायदा लागू झाला त्याच सालची दिवाळी होती ते.

आता सदाशिवरावचं अन् माहं काय वाकडं होतं ते सांगतो. गावनात्यानं मी त्याले भाऊजी म्हणतो, तो मले वयनी म्हणते. त्या पावसाळ्यात त्यानं विकलेलं सोयाबीन अर्ध्या गावात उगवलंच नाई. ग्रामसभा बसली तर सगळे बाप्ये खाली मान घालून चटईच्या काड्या उपटून राह्यले, कारण पुढच्या हंगामात पुन्हा त्याच्याच दुकानात जा लागते. मी उठली अन् म्हटलं, "भाऊजी, तुमच्या थैलीतलं बी आमच्या वावरात नाई उगवलं, पण तुमच्या घरावर दुसरा माळा मात्र चांगला उगवला." लोकं हासले. तोही हासला. पण त्या दिवसापासून त्यानं डूख धरला.

अन् त्याले कारण सापडलं नवरात्रात. आचलनं निरंकार उपास धरले होते. अष्टमीले देवीच्या मंडपात उन्हात उभी होती, चक्कर येऊन पडली. पाणी पाजलं, उठली, आपल्या पायानं चालत घरी आली. बस, एवढंच. हे सगळं त्यानं डोळ्यानं पाहलं होतं.

दिवाळी झाल्यावर रोहण्याच्या पोराचा काका चौकशीले आला अन् त्याच बाकड्यावर बसला. सदाशिवराव त्याले म्हणे, "पोरगी गुणाची आहे, पण मिरगी येते तिले. मायबाप लपवून राह्यले, मी कायले बोलू?" कायले बोलू म्हणते, अन् बोलून मोकळा.

चार दिवसांनी रोहण्याचा फोन आला, योग दिसत नाई म्हणे. आमचे हे, डोमाजी, कमी बोलतात, पण त्या दिवशी न जेवता रोहण्याले गेले. काका माणूस सरळ होता. त्यानं जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. आचलनंही ऐकलं. भाजी चिरून राह्यली होती, ते चिरत राह्यली. मी तिच्या हाताकडे पाहत होती. मले वाटलं, आता उठाव अन् त्या माणसाच्या घरावर रॉकेल टाकाव.

रॉकेल टाकलं नाई, दुकानात गेली. गिऱ्हाईकं होते, त्यांच्यासमोरच इचारलं. तो तराजू पुसत पुसत म्हणे, "वयनी, मी काय खोटं बोललो? पोरगी पडली होती का नाई? वाटते खोटं, तर जा कोर्टात." त्याले वाटलं बाई रडन, शिव्या देईन अन् घरी जाईन. उचलली जीभ लावली टाळ्याले. दुसऱ्या दिवशी मी वर्धेच्या बसमध्ये बसली.

वर्धेले सुरभी वकील आहे, माह्या बहिणीच्या नणंदेची पोरगी. वयानं लहान, पण कायद्याची पक्की. तिनं सगळं ऐकून घेतलं अन् म्हणे, "मावशी, अब्रुनुकसानी आहे हे. कलम तीनशे छप्पन. आता इंग्रजाची दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. जुन्यात कैद होती नाई तं दंड. नव्यात अजून एक शिक्षा जोडली, समाजसेवा."

"म्हणजे काय वो?"

"कोर्ट सांगन ते लोकांचं काम कराचं, फुकट. झाडू मारा, झाडं लावा, दवाखान्यात मदत करा. त्याची मजुरी मिळत नाई."

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "पोरीचं नाव त्यानं मातीत घातलं, अन् शिक्षा झाडू? मंग इंग्रजाचा काय वाईट होता?"

सुरभी हासली नाई. म्हणे, "मावशी, अन् मिरगी असती तरी त्यात लाज कायची? गोळ्या घेऊन लोकं नोकऱ्या करतात, संसार करतात."

"बाई, हे तुह्या कोर्टात सांगजो," मी म्हटलं. "सोयरिकीच्या बाजारात नाई चालत."

"तुले नेमकं पायजे तरी काय? कैद? दंड?"

मले काय पायजे होतं ते मले पक्कं ठाऊक होतं. म्हटलं, "मले त्याचं तोंड पायजे. ज्या तोंडानं त्यानं ते म्हटलं, त्याच तोंडातून गावासमोर निघालं पायजे का मी खोटं बोललो. बाकी काही नाई."

सुरभी पेन खाली ठेवून म्हणे, "असं कलम कोणत्याच कायद्यात नाई मावशी. ना जुन्यात, ना नव्यात." तरी मी कागदावर सही केली.

नव्या कायद्याचा एक गुण मात्र मले पहिल्याच तारखेले दिसला. आता कोर्ट अशी तक्रार घ्याच्या आधी समोरच्याले बोलावते अन् इचारते, तुहं काय म्हणणं आहे. पहिले असं नव्हतं म्हणे. सदाशिवरावच्या वकिलानं त्याले सांगितलं होतं का तुमी तोंड उघडू नका, मी लिहून देतो. पण आयुष्यभर बाकड्यावर बसून बोलणारा माणूस तो. जजसाहेबानं नुसतं त्याच्याकडे पाहलं, तर हा उभा. म्हणे, "हो साहेब, म्हटलं मी. खरं होतं म्हून म्हटलं. समोरच्याच्या भल्यासाठी म्हटलं." त्याच्या वकिलानं कपाळाले हात लावला. सुरभीनं टेबलाखालून माह्या पायावर पाय ठेवला. म्हटलं होतं का नव्हतं, हा वादच त्यानं आपल्या हातानं संपवला. आता खरं होतं हे दाखवाची पाळी त्याची.

अन् दाखवन काय, कपाळ? वरून आचल डॉक्टरकडे जाऊन तपासून आली. डॉक्टरनं येऊन साक्ष देल्ली, पोरीले मिरगी नाई, कधी नव्हती. रोहण्याचा काकाही साक्षीले आला. तारखा पडत राह्यल्या, सव्वा वर्ष त्यात गेलं. मी एकही तारीख चुकवली नाई. निकाल लागला तेव्हा साहेब म्हणे, गुन्हा शाबीत, पण पहिलाच आहे, वय पाहता कैद देत नाई. दीड महिना समाजसेवा, रोज सकाळी. चुकवली तर जेल.

कुठी कराची यावर बोलणं झालं. त्याचा वकील वर्धेचं काहीतरी सुचवून राह्यला होता, चार लोकांत ओळखू येणार नाई असं. तर सदाशिवराव हात जोडून म्हणे, "साहेब, माह्याच गावात द्या. फाट्यावर झाडतो मी." मी सुरभीकडे पाहलं. मले वाटलं याची अक्कल गेली. अक्कल नव्हती गेली. पुऱ्या जिल्ह्याची नस त्याले ठाऊक होती.

आमचा जिल्हा सेवाग्रामचा. इथी माणूस चोरी करून आला अन् त्यानं हातात झाडू घेतला, तरी चार लोकं त्याच्या पाया पडतात. लहानपणापासून आमाले हेच शिकवलं, जो झाडते तो मोठा. सदाशिवराव पहिल्या दिवशी फाट्यावर आला तो खादीचा पांढरा सदरा घालून, डोक्यावर टोपी, हातात नवाकोरा खराटा. कोणीतरी फोटो काढला. दुपारपर्यंत गावाच्या ग्रुपवर फिरून राह्यला, सदाशिवभाऊंचा स्वच्छतेचा ध्यास म्हणे. बसमधून उतरणारे पाहुणे त्याले नमस्कार करत. एका मास्तरनं तर पोरांची रांग आणली अन् टाळ्या वाजवाले लावल्या. आठवडा झाला नाई अन् लोकं बोलाले लागले, भाऊले पंचायत समितीले उभं करू.

गावाले सगळं ठाऊक होतं. पण बोलन कोण? हंगाम तोंडावर होता.

मी रोज सकाळी फाट्यावरच्या कडूलिंबाच्या पारावर जाऊन बसत होती. मले त्याले वाकलेलं पाहाचं होतं. तो माह्यापर्यंत झाडत येई अन् गोड आवाजात म्हणे, "वयनी, पाय वर घ्या, कचरा आहे." कराले गेली गणपती अन् झाला वानर. मी त्याले शिक्षा देल्ली, अन् त्यानं तिचा हार करून गळ्यात घातला.

डोमाजी म्हणे, "जाऊ दे ना आता. कोर्टानं गुन्हा शाबीत केला, झालं."

त्यावर आचल बोलली. सव्वा वर्षात पहिल्यांदा ते त्या गोष्टीवर बोलली. "बाबा, त्याले लोकं नमस्कार करून राह्यले. मले आज दुकानात एक बाई म्हणे, बेटा, जास्त येळ उभी नको राहू, तुले त्रास होते ना. निकाल कोण वाचते?"

डोमाजी उठून अंगणात गेले. मी तिथीच बसली राह्यली. मले कळलं का माह्या हाती अजून काहीच आलं नाई.

मंग त्या सकाळी अल्लीपूरचा माणूस उतरला. स्वच्छ धोतर, काखेत पिशवी, लक्ष्मणराव नाव. बसमधून उतरून सवयीनं बाकड्याकडे गेला. दुकान बंद, कारण मालक रस्त्यावर झाडून राह्यला होता, अन् बाकडं त्यानंच पाणी मारून धुतलेलं, वल्लंचिंब. मंग तो पारावर येऊन माह्या बाजूले बसला. चहावाल्याले दोन चहा सांगितले, एक माह्या पुढं सरकवला. अन् सहज इचारल्यासारखं म्हणे, "बाई, हे कृषी केंद्रवाले सदाशिवराव. घराणं कसं आहे?"

माहा चहा हातातच राह्यला. म्हटलं, "काऊन इचारता?"

"अल्लीपूरचा आहो मी. त्यायच्या पोरासाठी, प्रफुलसाठी, माह्या पोरीचं बोलणं चालू आहे."

आता खरं सांगतो. माह्या जिभेवर सगळं तयार होतं. दारू पिते. जुगार खेळते. नागपुरात एक बाई ठेवली आहे. मलेही दोनच वाक्य लागत होते, अन् चहा तर हातात होताच. सव्वा वर्ष मी देवाजवळ दुसरं काय मागितलं होतं? समोर तो माणूस पाठ करून झाडून राह्यला होता. त्याले ठाऊकही नव्हतं का त्याच्या घराची चौकशी माह्याजवळ चालू आहे.

पण समोर आचल उभी होती. हातात डबा घेऊन बसची वाट पाहून राह्यली होती. अन् माह्या मनात आलं, मी आता खोटं बोलली तर उद्या माही पोरगी ठणठणीत आहे म्हणीन, तेही खोट्यातच जमा होईन. कलमाले मी भेली नाई. तिले भेली.

मी चहा खाली ठेवला. म्हटलं, "पाहुणे, घराण्याचा मालक तो काय, झाडून राह्यला. त्यालेच इचारा, काऊन झाडते."

लक्ष्मणराव उठला. त्याच्या तोंडावर तेच आलं जे आमच्या जिल्ह्यात सगळ्यांच्या तोंडावर येते. हात जोडून म्हणे, "राम राम. या वयात सेवा करता, मोठं मन पायजे त्याले."

सदाशिवरावनं कंबर सरळ केली. "आपलं काय, मनाचं समाधान..." अन् त्यानं मले पाहलं. मी पाहुण्याच्या मागंच उभी होती.

"भाऊजी," मी म्हटलं, "पाहुणे अल्लीपूरचे आहेत. प्रफुलच्या चौकशीले आले. बाकडं वल्लं होतं म्हून माह्याजवळ बसले. मी अजून काहीच बोलली नाई. आता तुमीच सांगा, काऊन झाडता."

तो पाहुण्याकडे पाहे, माह्याकडे पाहे. चहावाल्यानं स्टो बारीक केला. बसची वाट पाहणारे लोकं हळूहळू जवळ सरकले. खोटं बोलाची सोय नव्हती, कारण खरं माह्या तोंडात होतं अन् मी तोंड मिटून उभी होती.

"कोर्टाचं काम आहे," तो म्हणे.

"कोर्टाचं कायचं?" लक्ष्मणराव.

"शिक्षा आहे. एका पोरीबद्दल बोललो होतो."

"कोणत्या पोरीबद्दल?" हे मी इचारलं.

"आचल."

"काय बोलले होते?"

"मिरगी येते म्हून."

"अन्?"

त्याच्या कपाळावरून घाम टोपीच्या खालून उतरत होता. मले घाई नव्हती.

"खोटं बोललो," तो म्हणे.

"चहावाल्यापर्यंत गेलं नाई भाऊजी."

"खोटं बोललो," सदाशिवराव म्हणे, अन् आता फाट्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं. "पोरीले काही नाई. ग्रामसभेचा राग मनात धरून मी खोटं बोललो."

आचल डबा छातीशी धरून उभी होती. बस आली. ते चढली, अन् खिडकीतून माह्याकडे पाहलं. पोरगी रडून राह्यली होती, पण मान वर होती.

लक्ष्मणरावनं पिशवी उचलली. त्याच्या तोंडावरचा तो नमस्कार कुठच्या कुठी गेलता. जाता जाता थांबला अन् मले म्हणे, "बाई, बाप असा. आता पोरगा कसा आहे ते तुमी सांगा. तुमचं मी खरं मानीन."

सगळा फाटा माह्या तोंडाकडे पाहाले लागला. सदाशिवरावच्या हातातला खराटा खाली आला. "वयनी," एवढंच तो बोलला. माही पोरगी सव्वा वर्ष जशी लोकांच्या तोंडाकडे पाहत उभी होती, तसा मी त्याले उभा ठेवला. मले लय बरं वाटलं, उगाच कायले लपवू.

मंग मी सांगितलं. "पोट्टा चांगला आहे. बापाचं बियाणं उगवलं नाई, तेव्हा ज्यांची दुबार पेरणी झाली त्यायच्या घरी हा बापाले न सांगता दुसऱ्या थैल्या पोचवून आला. दारू नाई, तंबाकू नाई. बापावर गेला नाई. पोरगी द्या बेशक."

लक्ष्मणरावनं मान हालवली अन् सदाशिवरावच्या घराकडे चालाले लागला. मी सदाशिवरावच्या जवळ गेली अन् हळूच म्हटलं, "तुमची सून माह्या शब्दावर घरात येऊन राह्यली, भाऊजी. तिनं चहाचा कप हातात देल्ला का रोज आठवजा."

घरी डोमाजी म्हणे, "चांगलं केलं. माफ केलं त्याले."

मी म्हटलं, "माफ कोणी केलं? झाडू दीड महिन्यानं सुटते. हे सुटत नाई."

मे महिन्यात प्रफुलचं लगन झालं. पत्रिका अन् अक्षता घेऊन सदाशिवराव स्वतः आमच्या दारात आला, कारण अल्लीपूरवाल्यांनी इचारलं होतं, त्या बाईले बोलावलं का. मी आचलले घेऊन गेली अन् पहिल्या पंगतीत, मधोमध बसली. आमच्याकडे घरच्या मालकाले पंगतीत फिरून पाहुण्यांले आग्रह करा लागते. सदाशिवराव बुंदीचं ताट घेऊन आमच्यापर्यंत आला. आचलच्या बाजूले अल्लीपूरची एक म्हातारी बसली होती. तिनं त्याले इचारलं, "हे पोरगी कोणाची हो? गोड आहे. काही दुखणंबिखणं नाई ना? माह्या नातवासाठी इचारतो."

बाई सहज इचारून राह्यली होती. मी पत्रावळीवरून नजर वर केली. सदाशिवरावनं माह्याकडे पाहलं, अन् वाकलेला तसाच म्हणे, "डोमाजीची आचल. ठणठणीत पोरगी आहे, मावशी. मी सांगतो ना."

"आचलले वाढा आधी," मी म्हटलं. त्यानं वाढलं. मंग माह्या पत्रावळीत वाढलं अन् पुढं सरकाले लागला.

"भाऊजी," मी म्हटलं, "अजून वाढा."